क्लाउडवरची पायाभूत रचना कोडमधून उभारताना: टेम्प्लेट, प्लॅन आणि पाइपलाइन

नाशिक जिल्ह्यात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्ष निर्यातीचा हंगाम असतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाउसमध्ये या काळात दिवसरात्र काम चालते, आणि प्रत्येक पेटीमागे बागेची नोंद, फवारणीचा तपशील, रेसिड्यू (फळावर उरलेला औषधांचा अंश) तपासणीचा अहवाल आणि बारकोड अशी साखळी असते. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवरील नोंदींशी जुळेल अशी माहिती पॅकहाउसला स्वतःकडेही ठेवावी लागते आणि त्यासाठी बहुतेकांना सॉफ्टवेअर लागते. असे सॉफ्टवेअर क्लाउडवर चालवणारा, सहा-सात जणांचा नाशिकमधला एखादा चमू डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा चमूचे आठ महिने निवांत जातात आणि चार महिने श्वास घ्यायला फुरसत नसते. बहुतेक ठिकाणी सर्व्हर, डेटाबेस आणि नेटवर्क कधीतरी कुणीतरी कन्सोलमध्ये, म्हणजे क्लाउडच्या वेब पानावर, हाताने उभे केलेले असते. कोणती सेटिंग का केली, हे त्या एकाच माणसाला माहीत असते, आणि चाचणीचे वातावरण प्रत्यक्ष वातावरणासारखे कधीच नसते.

यावरचा उपाय म्हणजे पायाभूत रचना कोडच्या टेम्प्लेटमध्ये लिहिणे आणि ती पाइपलाइनमार्फत, म्हणजे तपासणी आणि उभारणी क्रमाने आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेमार्फत, उभारणे. मात्र टेम्प्लेट लिहिणे हा या कामातला सोपा भाग आहे. खरे काम आहे ते होणारा बदल आधी वाचण्याची सवय चमूला लावणे आणि वाचून मंजूर केलेलाच बदल प्रत्यक्षात येईल अशी व्यवस्था बांधणे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत.

साधनाची निवड

यावर फार वेळ घालवू नये. ॲमेझॉनचे क्लाउडफॉर्मेशन २०११ पासून आहे, मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडसाठी बायसेप आहे, आणि अनेक क्लाउडवर चालणारे टेराफॉर्म हॅशिकॉर्पने २०१४ मध्ये आणले. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला, तेव्हा त्याच कोडमधून ओपनटोफू हा मुक्तस्रोत प्रकल्प निघाला आणि तो आता लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. लहान चमूसाठी टेराफॉर्म किंवा ओपनटोफू यांपैकी काहीही चालेल, कारण भाषा आणि कामाची रीत जवळजवळ सारखीच आहे. एकच फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा. क्लाउडफॉर्मेशन मध्येच अडले तर केलेले बदल सामान्यतः मागे घेते, टेराफॉर्म मागे घेत नाही. दहापैकी सहा गोष्टी बदलून सातव्याला अडला, तर सहा बदललेल्याच राहतात, आणि चूक दुरुस्त करून पुढे जाणे हाच मार्ग उरतो. पुढील उदाहरणे टेराफॉर्म आणि ॲमेझॉनची आहेत.

पहिली पायरी: जे आहे ते कोडमध्ये आणणे

चालू व्यवस्था पाडून नव्याने बांधण्याचा मोह टाळावा. टेराफॉर्मच्या १.५ आवृत्तीपासून इम्पोर्ट ब्लॉकची सोय आहे. अस्तित्वात असलेल्या वस्तूचा आयडी आणि कोडमधले तिचे नाव अशी जोडी त्यात लिहायची आणि प्लॅन (काय बदलणार हे आधी दाखवणारी आज्ञा) चालवताना कॉन्फिग तयार करण्याचा पर्याय दिला, की त्या वस्तूचा कच्चा कोड साधन स्वतःच लिहून देते. हा कोड जसाच्या तसा ठेवण्याजोगा नसतो. त्यात डीफॉल्ट असलेल्या कितीतरी ओळी उगाच आलेल्या असतात आणि दुसऱ्या वस्तूचा संदर्भ देण्याऐवजी तिचा आयडी थेट लिहिलेला असतो. सबनेटच्या (नेटवर्कच्या एका तुकड्याच्या) कोडमध्ये व्हीपीसीचा (संपूर्ण खासगी नेटवर्कचा) आयडी असा थेट आलेला दिसला, तर तो काढून व्हीपीसीच्या ब्लॉकचा संदर्भ द्यावा, कारण कोणती वस्तू आधी आणि कोणती नंतर हे टेराफॉर्म या संदर्भांवरूनच ठरवते.

क्रम असा ठेवावा: आधी नेटवर्क, मग सिक्युरिटी ग्रुप (कोणाला आत येऊ द्यायचे याचे नियम), मग डेटाबेस आणि शेवटी सर्व्हर. प्रत्येक टप्प्यानंतर प्लॅन चालवावा आणि ‘नो चेंजेस’ असे उत्तर येईपर्यंत कोड दुरुस्त करत राहावे. येथे दिशेचा गोंधळ होऊ देऊ नये. या टप्प्यावर प्रत्यक्ष व्यवस्था हेच सत्य आहे आणि कोड तिच्याशी जुळवायचा आहे. एखादी सेटिंग चुकीची वाटली तरी ती आत्ता बदलू नये, वहीत टिपून ठेवावी आणि सगळे कोडमध्ये आल्यावर स्वतंत्र बदल म्हणून करावी. आयात आणि सुधारणा एकाच वेळी केली, तर प्लॅनमधला कोणता फरक कशामुळे आला हे सांगता येत नाही.

हे काम मे ते ऑगस्ट या काळात करावे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पॅकहाउसवाल्यांचे फोन सुरू होतात आणि मग कुणालाही शांतपणे प्लॅन वाचायला वेळ मिळत नाही.

दुसरी पायरी: स्टेट फाइल

कोडमधली कोणती वस्तू म्हणजे क्लाउडवरची कोणती वस्तू, याचा हिशेब टेराफॉर्म स्टेट फाइलमध्ये ठेवतो. ही फाइल हरवली तर कोड आणि व्यवस्था यांची ताटातूट होते, आणि दोघांनी एकाच वेळी ती बदलली तर हिशेबच चुकतो. म्हणून ती कुणाच्याही लॅपटॉपवर नसावी आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) तर कधीच नसावी.

ॲमेझॉनवर ही फाइल एस-थ्री या साठवण सेवेच्या बकेटमध्ये ठेवावी. बकेटला व्हर्जनिंग चालू करावे, म्हणजे फाइल बिघडली तर मागची प्रत परत घेता येते. एन्क्रिप्शन चालू असावे आणि सार्वजनिक प्रवेश पूर्ण बंद असावा. एका वेळी एकालाच बदल करता यावा म्हणून कुलूप लागते. पूर्वी त्यासाठी डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा वेगळा टेबल लागत असे. टेराफॉर्मच्या १.१० आवृत्तीपासून बकेटमध्येच कुलूपाची फाइल ठेवण्याची सोय आली आणि १.११ पासून डायनॅमोडीबीची पद्धत मोडीत काढायची म्हणून जाहीर झाली आहे. त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्यांनी जुन्या लेखांतला तो टेबल उभारू नये. अझूर ब्लॉब आणि गूगल क्लाउड स्टोरेज यांत कुलूपाची सोय मुळातच आहे.

स्टेट ठेवण्याची बकेट स्वतः कुठल्या कोडने उभारायची, हा प्रश्न हमखास पडतो. माझ्या मते ती एकदाच, हाताने किंवा छोट्या वेगळ्या टेम्प्लेटने उभारावी, ती कशी उभारली ते रेपॉझिटरीतल्या (कोडच्या साठ्यातल्या) वाचा-फाइलमध्ये लिहावे आणि विषय तिथेच संपवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की डेटाबेसचा पासवर्ड टेम्प्लेटमधून दिला असेल तर तो स्टेट फाइलमध्ये उघडा दिसतो. व्हेरिएबलला ‘सेन्सिटिव्ह’ म्हटले तरी तो फक्त पडद्यावर झाकला जातो, फाइलमध्ये नाही. म्हणून पासवर्ड तयार करण्याचे आणि सांभाळण्याचे काम डेटाबेस सेवेकडेच सोपवावे. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेला मुख्य पासवर्ड सीक्रेट्स मॅनेजर या गुपिते सांभाळणाऱ्या सेवेत ठेवायला सांगता येते, आणि मग टेम्प्लेटला तो कळण्याची गरजच राहत नाही.

तिसरी पायरी: मांडणी

चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांसाठी वेगळ्या डिरेक्टरी, वेगळ्या स्टेट फाइल आणि शक्य असेल तर ॲमेझॉनची वेगळी खाती ठेवावीत. टेराफॉर्मच्या वर्कस्पेसने (एकाच डिरेक्टरीत अनेक स्टेट ठेवण्याच्या सोयीने) हेच साधते असे वाटते, पण कोणत्या वर्कस्पेसमध्ये आपण उभे आहोत हे डोळ्यांना दिसत नाही, डिरेक्टरीचे नाव दिसते. सामाईक भाग मॉड्यूलमध्ये (पुन्हा वापरता येणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यात) ठेवावा आणि दोन्ही डिरेक्टरींनी तेच मॉड्यूल वापरावे. फरक असावा तो सर्व्हरचा आकार, संख्या आणि बॅकअप किती दिवस ठेवायचा एवढ्यापुरताच.

मॉड्यूल मात्र हात राखून करावीत. एकच सबनेट बनवणारे मॉड्यूल आणि त्याला वीस व्हेरिएबल, अशा रचनेत वाचणाऱ्याला मूळ गोष्ट सापडेनाशी होते. नेटवर्क, डेटाबेस, ॲप्लिकेशन अशी तीन मॉड्यूल लहान चमूला पुष्कळ झाली.

नेटवर्कचे पत्ते आधी कागदावर आखावेत, कारण नंतर ते बदलणे म्हणजे सबनेट पाडून बांधणे. प्रत्यक्ष वापरासाठी १०.२०.०.०/१६ आणि चाचणीसाठी १०.३०.०.०/१६ अशा न भिडणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे पुढे दोन्ही जोडायची वेळ आली तरी अडचण येत नाही. प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते ॲमेझॉन स्वतःसाठी राखून ठेवते, त्यामुळे /२८ चे सबनेट घेतले तर सोळापैकी अकराच हाती येतात. सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्यासाठीही फेब्रुवारी २०२४ पासून ताशी ०.००५ डॉलर आकार लागतो, म्हणून प्रत्येक सर्व्हरला असा पत्ता देण्याऐवजी तो सर्व्हरांत भार वाटणाऱ्या लोड बॅलन्सरलाच द्यावा.

रीजन (डेटा सेंटरांचा प्रदेश) म्हणून नाशिकच्या चमूला ॲमेझॉनचे मुंबई रीजन, जे २०१६ पासून आहे, ते स्वाभाविक पडते. अझूर वापरणाऱ्यांसाठी पुण्यातले ‘सेंट्रल इंडिया’ आहे. ॲमेझॉनचे हैदराबाद रीजन २०२२ मध्ये सुरू झाल्यामुळे देशाबाहेर न जाता दुसरी जागा राखता येते. त्यासाठी रीजनचे नाव आणि मशीन इमेजचा (सर्व्हरच्या तयार साच्याचा) आयडी कोडमध्ये थेट लिहू नये. इमेजचा आयडी प्रत्येक रीजनमध्ये वेगळा असतो, म्हणून तो डेटा सोर्सने शोधून घ्यावा.

शेवटी, प्रोव्हायडरच्या (टेराफॉर्मला क्लाउडशी जोडणाऱ्या प्लगइनच्या) आवृत्त्यांची लॉक फाइल गिटमध्ये असलीच पाहिजे. विंडोजच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या या फाइलमध्ये लिनक्ससाठीचे हॅश (पडताळणीचे ठसे) नसण्याची शक्यता असते आणि मग पाइपलाइन सुरुवातीलाच अडते. ‘टेराफॉर्म प्रोव्हायडर्स लॉक’ ही आज्ञा लिनक्सचा प्लॅटफॉर्म देऊन एकदा चालवली की हा प्रश्न मिटतो.

चौथी पायरी: प्लॅन वाचणे

प्लॅनमध्ये प्रत्येक वस्तूपुढे चिन्ह असते. अधिक म्हणजे नवी वस्तू, लहरी रेघ म्हणजे जागच्या जागी बदल, उणे म्हणजे नष्ट, आणि उणे-तिरकी रेघ-अधिक असे एकत्र चिन्ह म्हणजे आधी नष्ट आणि मग नव्याने तयार. वाचताना सर्वांत आधी शेवटची ओळ पाहावी. तिथे किती वस्तू जोडल्या जाणार, किती बदलणार आणि किती नष्ट होणार, हे तीन आकडे असतात. तिसरा आकडा शून्य नसेल तर नष्ट होणारी प्रत्येक वस्तू कोणती आणि का, हे सांगता आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक उदाहरण जवळून पाहू. युरोपातल्या एखाद्या खरेदीदाराने माहितीच्या सुरक्षेबद्दल प्रश्नावली पाठवली आणि तिच्यात डेटाबेस एन्क्रिप्टेड आहे का, असे विचारले. पाहिले तर तो नाही. कोडमध्ये स्टोरेज एन्क्रिप्टेड ही ओळ ‘फॉल्स’ची ‘ट्रू’ केली, की काम झाले असे वाटते. पुल रिक्वेस्टमध्ये (कोडचा बदल तपासणीसाठी मांडण्याच्या विनंतीत) एकाच शब्दाचा बदल दिसतो आणि पाहणारा सहज मंजूर करतो. पण प्लॅनमध्ये त्या ओळीपुढे ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ असे लिहिलेले असते आणि खाली ‘प्लॅन: १ टू ॲड, ० टू चेंज, १ टू डिस्ट्रॉय’. आरडीएसच्या चालू डेटाबेसला मागाहून एन्क्रिप्शन लावता येत नाही, म्हणून टेराफॉर्म जुना डेटाबेस पाडून नवा, रिकामा डेटाबेस उभा करायला निघाला आहे. हंगामभराच्या फवारणीच्या नोंदी त्यात आहेत. योग्य मार्ग असा: लिहिणे थांबवून स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्यायचा, त्याची एन्क्रिप्टेड प्रत करायची, त्या प्रतीतून नवा डेटाबेस वेगळ्या नावाने उभा करायचा, तपासायचा, ॲप्लिकेशन त्याच्याकडे वळवायचे आणि जुना काही दिवसांनी काढायचा. यातली प्रत्येक पायरी स्वतंत्र प्लॅन असते आणि प्रत्येकात काय दिसायला हवे हे आधीच सांगता येते.

कोडमधला फरक आणि व्यवस्थेतला परिणाम यांचे प्रमाण सारखे नसते, हे चमूतल्या प्रत्येकाला कळलेले असले पाहिजे. पुल रिक्वेस्ट तपासणे म्हणजे कोडचा फरक तपासणे, अशी सवय प्रोग्रामरांना असते. येथे कोडचा फरक दुय्यम असतो आणि प्लॅन मुख्य.

अशा वस्तूंना दुहेरी अडसर लावावा. कोडमध्ये लाइफसायकल ब्लॉकमध्ये प्रिव्हेंट डिस्ट्रॉय लिहिले की वस्तू नष्ट करणारा प्लॅनच चुकीचा ठरून थांबतो. परंतु कुणी तो संपूर्ण रिसोर्स ब्लॉकच कोडमधून काढला, तर हा अडसरही त्याच्याबरोबर जातो. म्हणून डेटाबेसवर क्लाउडच्या बाजूचे डिलीशन प्रोटेक्शनही चालू ठेवावे आणि शेवटचा स्नॅपशॉट टाळण्याचा पर्याय प्रत्यक्ष वातावरणात कधीही देऊ नये.

दुसरे नेहमी घडणारे उदाहरण काउंटचे, म्हणजे एकाच ब्लॉकमधून क्रमांकाने अनेक वस्तू करण्याच्या सोयीचे, आहे. पॅकहाउसमागे एक बकेट हवी म्हणून पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, ओझर अशी यादी करून काउंटने चार बकेट तयार केल्या. टेराफॉर्मच्या लेखी त्या शून्य, एक, दोन, तीन या क्रमांकांच्या आहेत. दिंडोरीच्या पॅकहाउसने सेवा बंद केली म्हणून यादीतून ते नाव काढले, की निफाड दोनवरून एकवर आणि ओझर तीनवरून दोनवर सरकते. बकेटचे नाव बदलता येत नसल्यामुळे प्लॅन म्हणतो, दोन जोडायच्या आणि तीन नष्ट करायच्या. काढायची होती एकच. म्हणून यादीतून वस्तू तयार करताना काउंट न वापरता फॉर-ईच वापरावे, म्हणजे प्रत्येक बकेट क्रमांकाने न ओळखता नावाने ओळखली जाते. आधीच काउंटने केलेल्या वस्तू असतील तर मूव्ह्ड ब्लॉक लिहून जुना पत्ता नव्या पत्त्याशी जोडावा. त्यानंतरच्या प्लॅनमध्ये तीनही आकडे शून्य आले, तरच ते स्थलांतर बरोबर झाले असे समजावे.

पाचवी पायरी: पाइपलाइन

पाइपलाइनचे पहिले काम परवानग्या माणसांकडून काढून घेणे हे आहे. जोवर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्रशासकाची ॲक्सेस की आहे, तोवर पाइपलाइन हा केवळ आणखी एक रस्ता ठरतो. लॅपटॉपवरून अप्लाय (प्लॅनप्रमाणे प्रत्यक्ष बदल करणारी आज्ञा) चालू असताना वीज किंवा इंटरनेट गेले, तर काही वस्तू बदललेल्या, काही न बदललेल्या आणि स्टेटला कुलूप लागलेले, अशी स्थिती उरते. नाशिकमध्ये पावसाळ्यात काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

पाइपलाइनलाही कायमची की देऊ नये. गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवणाऱ्या व पाइपलाइन चालवणाऱ्या दोन्ही सेवांकडे ओआयडीसीची (साठवलेल्या कीशिवाय ओळख पटवण्याची) सोय आहे. जॉब सुरू झाला की तो स्वतःची ओळख सांगणारे टोकन घेऊन ॲमेझॉनकडे जातो आणि ॲमेझॉन त्याला सहसा तासाभराची तात्पुरती परवानगी देते. साठवलेली कीच नसल्यामुळे ती चोरीला जाण्याचा प्रश्न येत नाही. मात्र रोलच्या (परवानग्यांच्या संचाच्या) ट्रस्ट पॉलिसीत, म्हणजे तो कोणी घ्यावा याच्या नियमांत, ‘सब’ ही अट काटेकोर लिहिली पाहिजे. कोणत्या रेपॉझिटरीची, कोणती ब्रँच (कोडची शाखा) किंवा कोणते एन्व्हायर्न्मेंट, हे त्यात नेमके असावे. तिथे सरसकट तारांकन टाकले, तर ज्या रेपॉझिटरीशी आपला काही संबंध नाही, तिलाही आपला रोल घेता येईल.

रोल दोन करावेत. प्लॅनचा रोल वाचण्यापुरता आणि पुल रिक्वेस्टमधून वापरता येणारा. अप्लायचा रोल बदल करू शकणारा आणि फक्त मुख्य ब्रँचवरून मिळणारा. प्लॅनचा रोल निरुपद्रवी आहे असे समजू नये. तो स्टेट वाचतो, आणि प्लॅन चालवताना पुल रिक्वेस्टमधला कोड प्रत्यक्ष चालू शकतो. म्हणून बाहेरच्या कुणी काढलेल्या प्रतीतून (फोर्कमधून) आलेल्या पुल रिक्वेस्टवर तो कधीही चालू देऊ नये. याच रोलला कुलूपाची फाइल लिहिण्याची परवानगी नसेल तर प्लॅन अडतो, तेव्हा पुल रिक्वेस्टमधला प्लॅन कुलूप न लावता चालवावा. तो केवळ वाचण्यासाठी असतो.

आता टप्पे. पुल रिक्वेस्ट उघडली की फॉरमॅट तपासणी, व्हॅलिडेट, टीएफलिंट (कोडमधल्या चुका शोधणारे साधन) आणि चेकॉव्ह किंवा ट्रिव्हीसारखी सुरक्षा तपासणी चालते. या तपासण्यांचे नियम सुरुवातीला थोडेच चालू करावेत. पहिल्याच दिवशी दोनशे इशारे आले तर चमू ते वाचणे सोडून देतो आणि मग खरा इशाराही नजरेतून सुटतो. त्यानंतर प्लॅन चालतो आणि त्याचा मजकूर पुल रिक्वेस्टवर टिप्पणी म्हणून उमटतो. बदल करणाऱ्याने त्याखाली दोन-तीन वाक्यांत लिहावे, की हे तीन आकडे असे का आले. ही एवढी रीत पाळली तर निम्म्या चुका लिहितानाच लक्षात येतात.

बदल मुख्य ब्रँचमध्ये आला की प्लॅन पुन्हा चालवावा, कारण मधल्या काळात दुसरा बदल झालेला असू शकतो. हा प्लॅन फाइलमध्ये साठवावा, माणसाने तो वाचून मंजूर करावा आणि अप्लायने नेमकी तीच फाइल वापरावी. अप्लायला फाइल न देता ‘ऑटो ॲप्रूव्ह’ म्हटले, तर तो त्या क्षणी नवा प्लॅन काढतो, आणि तो कुणीच वाचलेला नसतो. साठवलेल्या प्लॅननंतर स्टेट बदलली असेल तर प्लॅन शिळा झाला असे सांगून टेराफॉर्म अप्लाय नाकारतो. हा नकार आपल्या बाजूचा आहे, नवा प्लॅन काढून पुन्हा वाचावा. प्लॅनच्या फाइलमध्येही संवेदनशील माहिती असते, म्हणून ती पाइपलाइनमध्ये दिवसभरापेक्षा जास्त ठेवू नये.

मंजुरीसाठी गिटहबच्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये परीक्षक नेमता येतात. खासगी रेपॉझिटरीसाठी मात्र ही सोय एंटरप्राइझ श्रेणीतच मिळते, आणि लहान चमूला तो खर्च जड जातो. अशा वेळी अप्लाय हा स्वतंत्र, हाताने सुरू करायचा वर्कफ्लो करावा आणि त्याला कोणत्या प्लॅनची फाइल वापरायची त्या रनचा क्रमांक द्यावा लागेल अशी रचना करावी. क्रमांक शोधायला प्लॅन उघडावा लागतो, आणि उघडला की वाचला जातो.

एकाच वातावरणावर एका वेळी एकच अप्लाय चालावा म्हणून कन्करन्सी ग्रुप ठेवावा. त्यात चालू जॉब रद्द करून नवा सुरू करण्याचा पर्याय असतो, तो ॲप्लिकेशनच्या चाचण्यांसाठी ठीक, पण अप्लायसाठी कटाक्षाने बंद ठेवावा. अर्ध्यात तोडलेला अप्लाय कुलूप मागे ठेवतो. तसे झालेच तर फोर्स-अनलॉक करण्यापूर्वी खरोखरच कुठलाही जॉब चालू नाही, हे दोघांनी मिळून तपासावे.

कन्सोलमधली प्रत्येकाची परवानगी आता वाचण्यापुरती करावी. रात्री दोन वाजता काही बंद पडले तर वापरण्यासाठी एक आपत्कालीन रोल असावा, तो घेतला की सगळ्यांना सूचना जावी, आणि हाताने केलेला बदल दुसऱ्या दिवशी कोडमध्ये आणणे हे त्या माणसाचे पहिले काम असावे.

हंगामातली क्षमता

हंगामात सर्व्हरची संख्या वाढवावी लागते, आणि येथे टेम्प्लेट व ऑटो स्केलिंग (भारानुसार सर्व्हर आपोआप वाढवणारी सेवा) यांची टक्कर होते. टेम्प्लेटमध्ये इच्छित संख्या दोन लिहिलेली आहे, फेब्रुवारीतल्या गर्दीत ऑटो स्केलिंगने ती आठवर नेली आहे, आणि दुपारी कुणी एखादा टॅग बदलण्यासाठी अप्लाय चालवला. टेराफॉर्मच्या दृष्टीने आठ ही तफावत आहे, आणि तो ती दोनवर आणतो. पॅकहाउसमध्ये बारकोड छापणे थांबते. म्हणून इच्छित संख्येसाठी इग्नोअर चेंजेस (त्या फरकाकडे दुर्लक्ष करण्याची सूचना) लिहावे. किमान आणि कमाल मर्यादा कोडच्या ताब्यात ठेवाव्यात आणि त्यांच्यामधली संख्या ऑटो स्केलिंगवर सोपवावी. डिसेंबरअखेर किमान मर्यादा वाढवणारी आणि मे महिन्यात ती उतरवणारी पुल रिक्वेस्ट हे दोन्ही बदल मग सगळ्यांसमोर आणि नोंदीसह होतात.

वेळापत्रकाने क्षमता बदलायची असेल तर वेळेचा पट्टा स्पष्ट लिहावा. ॲमेझॉनच्या वेळापत्रकात तो दिला नाही तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरला जातो, आणि सकाळी सहासाठी लिहिलेली वाढ आपल्याकडे साडेअकराला होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी पार्किंग, निवास किंवा वाहतुकीची ॲप्लिकेशन करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. स्नानाच्या पर्वणीची गर्दी पहाटे होते आणि ऑटो स्केलिंगने भार वाढल्यावर जागे होण्यापेक्षा तारीख माहीत असताना आदल्या रात्रीच किमान मर्यादा वाढवणे शहाणपणाचे ठरते.

तफावत शोधणे

परवानग्या कितीही आवळल्या तरी काही बदल कोडबाहेर होतातच. रोज एकदा प्लॅन ‘डिटेल्ड एक्झिटकोड’ या पर्यायासह चालवावा. शून्य म्हणजे तफावत नाही, एक म्हणजे चूक, दोन म्हणजे फरक आहे. दोन आले की चमूच्या ग्रुपवर संदेश जावा. गिटहबच्या वेळापत्रकात वेळ डीफॉल्टने यूटीसीत धरली जाते, त्यामुळे सकाळी सहासाठी ००:३० लिहावे लागते. तफावत आपोआप पुसणारा जॉब मात्र लावू नये. आदल्या रात्री आपत्कालीन रोलने केलेली दुरुस्ती तो सकाळी निमूटपणे परत बिघडवील.

हंगामापूर्वीची रंगीत तालीम

नोव्हेंबरमध्ये, गर्दी सुरू होण्याआधी, एका रिकाम्या खात्यात संपूर्ण व्यवस्था टेम्प्लेटमधून उभारून पाहावी. कोड बरोबर आहे याची खात्री यापेक्षा दुसऱ्या कशाने होत नाही. पहिल्या तालमीत जे अडते ते सहसा टेम्प्लेटमध्ये नसलेलेच असते: डोमेनच्या नोंदी दुसऱ्याच कुणाच्या खात्यात असतात, ईमेल पाठवण्यासाठी डोमेनची पडताळणी कधीतरी हाताने झालेली असते, प्रमाणपत्र कुठल्या पत्त्यावर मंजूर झाले ते कुणालाच आठवत नाही. हे एकेक टिपून कोडमध्ये किंवा निदान वाचा-फाइलमध्ये आणावे. माहितीचेही तसेच. टेम्प्लेट रिकामा डेटाबेस उभा करते, त्यातल्या नोंदी आणत नाही. हैदराबादला पर्यायी जागा ठेवायची असेल तर स्नॅपशॉट तिकडे नियमित जात आहेत का आणि त्यातून डेटाबेस उभा राहून ॲप्लिकेशन लॉगिन होते का, हे याच तालमीत पाहावे.

सर्व्हिस कोटाही, म्हणजे खात्याला ठरवून दिलेली मर्यादाही, याच वेळी पाहावा. नव्या खात्याला व्हर्च्युअल सीपीयूची मर्यादा कमी असते, आणि टेम्प्लेटमध्ये कमाल संख्या वीस लिहिली तरी कोटा आठ सर्व्हरांना पुरेल एवढ्याच सीपीयूंचा असेल तर आठच सर्व्हर उभे राहतात. प्लॅनमध्ये हे दिसत नाही, कारण प्लॅन मर्यादा तपासत नाही, आणि कळते ते थेट फेब्रुवारीत. कोटा वाढवून मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून मुंबई आणि हैदराबाद अशा दोन्ही रीजनसाठी अर्ज नोव्हेंबरातच करावा आणि मंजूर झालेला आकडा ऑटो स्केलिंगच्या कमाल मर्यादेशेजारी कोडमध्ये टिप्पणी म्हणून लिहून ठेवावा.